वेशीपाशी थांबलेला सरदार

रूथबाई गरम पाण्यात पाय सोडल्याशिवाय प्रेमाचं एक वाक्यही लिहीत नसत.

शाळा सुटली की त्या घरी जात, चुलीवर पाणी ठेवत, ते घमेल्यात ओतून त्यात मूठभर मीठ टाकत आणि मांडीवर पाट घेऊन लिहायला बसत. पाणी कढत असेपर्यंत केतकी आणि सरदार रणधीरराव एकमेकांकडे बघत. कोमट झालं की सरदार निरोप घेई. गार झालं की प्रकरण संपे. त्यांची प्रकरणं थंडीत आखूड आणि उन्हाळ्यात लांब होत, त्यामागे दुसरं काही कारण नव्हतं.

बारामतीच्या मिशनच्या शाळेत मी गणित शिकवत असे. रूथबाई इंदापूरहून बदलून आलेल्या. पहिली आणि दुसरी त्या एकट्या सांभाळत. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजत आणि ओरडून माझा घसा बसे. माझं अक्षर बरं, म्हणून त्यांच्या कादंबरीची पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. कसं आलं ते आठवत नाही. दमलेल्या माणसाकडे कामं अशीच येतात. त्याला नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

कादंबरी पुण्याच्या एका ख्रिस्ती मासिकात महिन्याच्या महिन्याला येई. काळ पेशवाईचा. एवढं सोडलं तर पेशवाईचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता. बाईंना लढाई लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येक लढाई टेकडीपलीकडे होई. अलीकडे केतकी कान देऊन उभी. मग धूळ दिसे, आणि सरदार डाव्या खांद्याला जखम घेऊन परत येई. केतकी शेला फाडून पट्टी बांधे. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एकदा विचारलं, "बाई, या माणसाला खांदा उरलाय का अजून?"

"मग कुठं लागू देऊ?" बाई म्हणाल्या. "दिवसभर राबून आलेला माणूस वाचतो. त्याला सोसलं पाहिजे."

हे 'सोसलं पाहिजे' त्यांच्या तोंडी सदा असे. केतकीचा बाप मरायला टेकला होता, तो पुढच्या महिन्यात पेज पिऊन उठून बसला. का, तर वाचणाऱ्याला सोसलं पाहिजे. मी कधी कधी म्हणायचो, "आणि प्रत करणाऱ्याला?" त्या चहा करायला उठत.

बारीकसारीक माहितीबद्दल मात्र फार काटेकोर. एकदा दौंडची छोटी गाडी यायची होती. आम्ही स्टेशनवर उभे असताना बाई सरळ टांगेवाल्याकडे गेल्या.

"काय हो, घोडा रुसतो का?"

टांगेवाला बिडी विझवून उभा राहिला. "रुसतंय कशाला, बाई? चंदी न्हाय मिळाली की अडतंय."

"धनी रडला तर त्याला कळतं का?"

"धनी रोजच रडतोय. त्याला सवय झालीया."

बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या प्रकरणात घोडा धन्याच्या दुःखानं दोन दिवस चंदीला शिवला नाही. मी म्हटलं, "टांगेवाला असं कुठं म्हणाला?" त्या म्हणाल्या, "तो त्याच्या घोड्याचं म्हणाला."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. हे सगळं प्रेम त्यांना सुचतं कुठून, असं मी एकदा धीर करून विचारलं. घमेल्यात बोटं हलवत त्या म्हणाल्या, "दमलं की सुचतं, मास्तर."

तर अशी ती कादंबरी शेवटच्या प्रकरणाला आली आणि अडली. झालं असं, की सरदार रणधीरराव शत्रूच्या हाती सापडला. तीन वर्षं त्यांच्या छावणीत राहिला, त्यांचं अन्न खाल्लं. सुटून गावी आला, तर गावकरी वेशीत आडवे उभे. हा बाटला, याला आत घेणार नाही. अंक संपला.

वाचणाऱ्याला सोसेल असं काहीतरी पुढं होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. काय, तेवढंच बाईंना माहीत नव्हतं.

आठवड्याभरात मासिकाचे संपादक स्वतः आले. वृद्ध पाळक, पांढरी दाढी, प्रवासानं अगदी शिणलेले. बाईंच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "रूथबाई, देवानंच ही संधी दिली आहे. स्वकीयांनी लोटलं. आता सरदार तारणाऱ्याकडे वळला पाहिजे. शेवटी त्याचा बाप्तिस्मा दाखवा."

"पाळकसाहेब, तो आत्ताच चालत आलाय," बाई म्हणाल्या. "दमलाय."

"दमलेल्यांनाच प्रभू बोलावतो."

"बोलावतो. पण आधी बसू तरी देतो."

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि शेवट तसा नसला तर छापायचं का नाही याचा विचार करावा लागेल, असं मऊ आवाजात सांगून ते गेले.

ही बातमी गुळाच्या पेठेत पोचायला वेळ लागला नाही. तिथले अडते आबा दर महिन्याला मासिक मागवून पेढीवर मोठ्यानं वाचायला लावत. गाडीवान, हमाल, गुऱ्हाळवाले ढेपांना टेकून ऐकत. दुसऱ्या दिवशी आबा फेटा सावरत शाळेत हजर.

"बाई, सरदाराला बाटवू नका. आमची मानसं भाकरी सोडून ऐकत्यात."

"आबा, तो गाववाल्यांच्या मते बाटलेलाच आहे."

"मंग प्राश्चित्त द्या! भटजी बोलवा, गावजेवण घाला, आन् घ्या आत. आमी काय न्हाय म्हनतोय?"

बाईंनी दोघांनाही नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. त्या रोज पाणी तापवत, पाय सोडत आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसत. पाणी गार होई. सरदार वेशीपाशी उभाच. शाळेत त्या पाढे म्हणून घेताना मध्येच थांबू लागल्या. एकदा मुलं बाविसाचा पाढा संपवून तेविसाचा स्वतःच्या मनानं म्हणत होती, तरी त्यांच्या लक्षात नव्हतं.

गुरुवारी बाजार भरला. बाई म्हणाल्या, "मास्तर, पिशवी धरायला येता का?" मी गेलो.

भाजीच्या रांगेत त्या कुठंही न थांबता टोकाला गेल्या. तिथं पन्नाशीच्या पुढची एक माळीण मेथीच्या जुड्या आणि वांगी मांडून बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, दंडावर गोंदण. बाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि वांगी निवडू लागल्या. त्या बोलू लागल्या आणि मी चकित झालो. शाळेतली ती छापील भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"आला बग त्यो," बाई म्हणाल्या.

"आला? जित्ता हाय न्हवं?"

"हाय. पन येशीपाशी हुबा केलाय."

माळणीचा हात मेथीवर थांबला. "का गं?"

"दुसऱ्यांच्यात जेवला म्हनून."

मागून एक गिऱ्हाईक आलं, त्याला जुडी देऊन माळणीनं वाटेला लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याची आई कुठं हाय?"

"घरात आसंल."

"आसंल काय? तुला ठावं न्हाय? तिला भाईर काढ की. ती काय भटाला इचारत बसंल व्हय?"

"आन् भावकी?"

"भावकीचं ती बघून घेईल." माळणीनं पदरानं तोंड पुसलं. "मला न्हाय जमलं तवा. मी लेकुरवाळी, सासरा दारात काठी घिऊन. तिला जमव तू."

परतताना पिशवी वांग्यांनी भरली होती. कालव्याच्या पुलावर बाई थांबल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"माझी थोरली बहीण," त्या म्हणाल्या. "सोनाबाई. सणसरला दिलेली. आमच्या वडलांनी धर्म बदलला तेव्हा मी दहा वर्षांची, तिचं लग्न झालेलं होतं. सासरच्यांनी सांगितलं, तुझं माहेर मेलं. आई वारली तेव्हा मी निरोप घेऊन गेले होते. दारातूनच परत आले." जरा थांबून म्हणाल्या, "बाजारात बरं असतं. गिऱ्हाईक कुणीही असू शकतं."

त्या दिवशी पाणी न तापवताच त्यांनी प्रकरण लिहिलं. लढाई नाही, जखम नाही, केतकीसुद्धा जवळजवळ नाही. गाव वेशीत वाद घालत असतं. कोणी म्हणतं प्रायश्चित्त, कोणी म्हणतं हाकला. गर्दीतून एक म्हातारी पुढं येते, मुलाच्या मनगटाला धरते आणि विचारते, "जेवलास का?" कोणी काही बोलायच्या आत ती त्याला घेऊन चालू लागते.

पाळकसाहेबांनी ते छापलं. खाली स्वतःची चार ओळींची टीप मात्र जोडली, की खरा पिता याहूनही प्रेमळ आहे. आबा चिडले. म्हणाले, "प्राश्चित्त ऱ्हायलंच की!" पण पेढीवर ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचायला लावलं, असं हमालांनी सांगितलं.

अंक आल्यानंतरच्या गुरुवारी मी आपण होऊनच पिशवी घेतली.

दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. बाईंनी सगळं प्रकरण तोंडपाठ सांगितलं. सोनाबाई खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "काय वाढलं त्याला?"

बाई गोंधळल्या. "ते न्हाय लिवलं."

"तुला सुदरायचं न्हाय," सोनाबाई म्हणाली. तिनं मागून फडकं ओढलं, सोडलं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. एका भाकरीचे दोन तुकडे करून अर्धा तिनं बाईंच्या हातात दिला, अर्धा स्वतः घेतला, आणि ठेचा मध्ये ठेवला. "खा. किती वाळलीस, गंगू."

त्या नावानं बाईंना हाक मारलेली मी तोवर कधी ऐकली नव्हती.

दोघी एकाच फडक्यावर जेवू लागल्या. शेजारच्या गाळ्यावरची भाजीवाली हातातलं काम टाकून बघत राहिली. आधी बाईंकडे, मग ठेच्याकडे, मग सोनाबाईकडे.

सोनाबाईनं घास गिळला. "काय बघतीस?" ती मोठ्यानं म्हणाली. "भन हाय माझी."

बाईंचा हात तोंडाशीच राहिला. मी घाईघाईनं पलीकडच्या ढिगाकडे वळलो आणि घरी भरपूर कांदे असताना आणखी पिशवीभर कांदे घेतले.