वाटी रिकामी कशी द्यायची?

एका जंगलात एक साळिंदरीण राहत होती. मुलांनो, नाक पुसा, मांडी घाला आणि नीट ऐका. मधेच कुणाला शू लागली तर गोष्ट थांबणार नाही.

साळिंदरणीचं नाव साळूबाई. अंगावर वीत-वीत काटे आणि जिभेवर त्याहून लांब. पाणवठ्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की हत्तीसुद्धा म्हणायचा, "बाई, तुमचं आधी होऊ द्या." एका लांडग्याला तिनं असं झापलं होतं, की तो आठ दिवस पालेभाजी खात होता. कुणाचं कुणाशी वाजलं की जंगल तिलाच बोलावून न्यायचं. साळूबाईला याची भारी घमेंड.

पण अशा बाईला जवळ कोण घेणार? नवरा साळोबासुद्धा चार हात लांब झोपायचा. जवळ यायचा तो एकटा सरदार. सरदार म्हणजे तिचा कोंबडा. अंड्यात होता तेव्हापासून तिनं वाढवलेला. संध्याकाळ झाली की तो बेताबेतानं तिच्या काट्यांत शिरायचा आणि मान टाकून झोपायचा. त्याला एक काटा कधी लागला नाही.

शेजारी राहायची एक अस्वलीण. मधुवैनी. बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. तिनं कुत्रा पाळला होता. जंगलात खरा वाघ गादीवर बसलेला असताना हिनं कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवलं, यावरून काय ते ओळखा. वाघ्याला पट्टा नाही, दोरी नाही. "बांधलं की मन मोडतं गं त्याचं," वैनी म्हणायची.

एके दिवशी वाघ्यानं सरदारची शेपटी उपटली. एक पीस ठेवलं नाही.

साळूबाई काटे फुलवून खडखडत निघाली. दारातच मधुवैनी समोर आली. हातात वाटी.

"अगं बाई, साळूताई! तुझ्याकडंच निघाले होते. काही करत नाही गं तो. खेळत होता."

"खेळत होता? मग शेपटी कुठाय?"

"लहान आहे अजून. हा घे मध. ताज्या पोळ्याचा."

वाटी साळूबाईच्या हातात आली. काठोकाठ भरलेली वाटी हातात धरून भांडता येतं का? घरी करून बघा. सांडतं. साळूबाई वाटी सांभाळत घरी आली.

मध संपला. वाटी घासून झाली. आता ती वैनीच्या पुढ्यात आदळायची आणि चार शब्द सुनवायचे, एवढंच राहिलं होतं. पण साळूबाईची आई सांगून गेली होती, शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही. आई गेली, सांगणं राहिलं. साळूबाईनं रताळ्याचा कीस केला, वाटीत भरला, आणि वैनीच्या दारात जाऊन काय म्हणाली?

"मीठ जरा जास्त झालंय वैनी. सांभाळून घ्या."

महिन्याभरानं वाघ्यानं सरदारचा पंख फाडला. वाटी आली. या खेपेला जांभळं.

साळूबाईनं ठरवलं, वाटी हरवली म्हणून सांगायचं. पण बुडाला वैनीच्या लेकाचं नाव कोरलेलं होतं : 'चि. भालूच्या बारशाप्रीत्यर्थ'. कोरलेली वाटी कशी हरवणार?

"आज भांडायला निघालीस की वाटी द्यायला?" साळोबानं विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही होत नसतं, बाई. आधी वाटी दे, मग भांड."

"दिली की ती दुसरं काहीतरी भरून देते!"

"मग घेऊ नकोस."

"घेऊ नको? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?"

साळोबा चार हात लांब जाऊन आडवा झाला. बायकोशी वाद घालण्यापेक्षा तिच्या काट्यांवर झोपणं परवडलं.

वाटी कीस भरून परत गेली. मग वाघ्यानं सरदारचा पाय मोडला.

साळूबाईनं कामटी लावून पाय बांधला. संध्याकाळी सरदार लंगडत तिच्याकडं आला. रोजच्यासारखा काट्यांत शिरायला गेला, पण पाय अडखळला, अंदाज चुकला, आणि पहिल्यांदाच त्याला काटा टोचला. तो मागं सरला. कोपऱ्यात जाऊन एकटाच झोपला.

 

सकाळी वाटी आली. आत पट्टा होता. छोटासा, लाल, घुंगरू लावलेला.

"सरदारसाठी गं!" वैनी कुंपणापलीकडून ओरडली. "बांधून ठेवत जा त्याला. मोकळा दिसला की आमच्या वाघ्याला राहवत नाही."

आता मात्र हद्द झाली. साळूबाईनं पट्टा काढून वाटी उचलली. तशीच रिकामी नेऊन आदळणार होती. उंबऱ्यापर्यंत गेली आणि आई आठवली. मग तिनं पाठीवरचा सगळ्यात लांब, सगळ्यात टोकदार काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं. काटा वाटीत ठेवला आणि वाटी वैनीच्या दारात आपटली.

"घ्या!"

साळिंदरानं काटा दिला की समोरच्यानं बिऱ्हाड हलवायचं, ही त्या जंगलाची जुनी रीत. झाडावरच्या माकडांनी शेपट्या आवरून घेतल्या.

दुपारी मधुवैनी हसत हसत आली.

"किती गं तुझं बारीक लक्ष! वाघ्याच्या दातात कालपासून पीस अडकलं होतं. घास घेत नव्हता बिचारा. तुझ्या काट्यानं झटकन निघालं बघ!"

आणि तिनं वाटी पुढं केली. काठोकाठ मध.

साळूबाईनं तोंड उघडलं. माकडं श्वास रोखून बसली. पाणवठ्यावर हत्तीनं सोंड वर धरली.

"वैनी," साळूबाई म्हणाली, "एवढा कशाला हो आणलात?"

लाल पट्टा सरदारला अगदी मापाचा झाला. घुंगरू छान वाजतं. चुलीवर रताळी उकडताहेत.

तात्पर्य : शेजारच्या कुत्र्याला शिस्त लागत नसेल तर आपल्या कोंबड्याला लावावी, आणि घरात रताळी कायम ठेवावीत. शेजारधर्म मोडता कामा नये. पाय काय, मोडतातच.