बाथरूममधला थिरथिरा

यंदाच्या थंडीत मी एकच छोटासा निर्णय घेतला. बाथरूमची वरची खिडकी रात्री उघडी ठेवायची. भिंतीला ओल धरत होती, वाफ बाहेर जायला हवी होती, एवढंच. लोक केवढाले निर्णय घेतात आणि सुखाने झोपतात. मी एक खिडकी उघडली आणि घरादाराच्या आंघोळीचं वाटोळं झालं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी टॉवेल ठेवायला दार उघडलं, तर गीझरच्या कोमट पाइपवर एक पक्षी बसलेला. मूठभर जीव. वरून काळसर, पोटाकडे विटकरी, आणि तांबूस शेपूट सारखी थरथरत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग "सॉरी" म्हणून मी दार ओढून घेतलं. (स्वतःच्याच बाथरूमचं. स्वभावाला औषध नाही.)

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय, हाकलून द्यायचा.

आमच्या गावात दर हिवाळ्यात एका रविवारी पक्षी मोजतात. सकाळी सात ते आठ, ज्याने त्याने आपापल्या वाट्याला आलेल्या भागात उभं राहून. हे सगळं चालवतात निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणतात आणि शाळेतल्यासारखेच घाबरतात. माझ्या धाकट्या जाऊबाई त्यांच्या गटात बरीच वर्षं आहेत. या वर्षी मीही गेले. पक्ष्यांचं मला फार वेड होतं असं नाही. खरं सांगायचं तर आठवड्यातले सरावाचे ते दोन तास असे होते, की तेव्हा मला कोणी "नेलकटर कुठे आहे?" म्हणून विचारत नसे. तेवढ्यासाठी मी गरुडच काय, डायनासोरही मोजले असते.

पण हेडबाईंचा नियम कडक. नवीन माणूस पहिलं वर्ष कच्चा. गणना झाली की त्या ठरवणार, ठेवायचं की "आभारी आहोत" म्हणायचं. आणि माझी प्रगती अशी की सगळे झाडाकडे बोट दाखवत, "तो बघा, तो बघा!" मी मान वर करेपर्यंत तो उडालेला.

"दिसला?" हेडबाई विचारत.

"नाही."

जाऊबाई मागून कुजबुजत, "ताई, हो म्हणायचं असतं."

पण दिसला नाही तर हो कसं म्हणायचं? हेडबाई एक लांब सुस्कारा सोडत. त्या सुस्काऱ्यात मला माझे ते दोन तास जाताना दिसत.

आणि आता हा पाइपवरचा! पुढच्या सरावाला मी अगदी सहज विचारलं, "हेडबाई, काळसर, विटकरी पोटाचा, शेपूट सारखी थरथरणारा असा कोणी असतो का हो?"

"थिरथिरा," त्या म्हणाल्या. "थंडीत लांबून येतो. पण आपल्या गणनेत कित्येक हिवाळ्यांत कोणाला दिसलेला नाही. का?"

"सहज."

"सहज?" जाऊबाईंनी भुवई उचलली. त्यांची भुवई फार लवकर वर जाते.

मी घरी आले ती धावतच. रविवारला आठवडा होता. आठवडाभर हा पाहुणा राहिला तर माझं काम झालं! मी फर्मान काढलं. पक्षी दिवस मावळता येतो आणि खिडकीत ऊन आलं की जातो. तेवढ्या वेळात बाथरूममध्ये कोणीही जायचं नाही.

"आणि मी?" हे म्हणाले.

आता यांची ऑफिसची बस उन्हाच्या आधी निघते आणि अंधार पडल्यावर परत आणून सोडते. म्हणजे पक्ष्याची आणि यांची ड्यूटी एकच. मी आणि सासूबाई दुपारी निवांत कढत पाण्याने आंघोळी करत होतो, त्यामुळे मला हा प्रश्न तितका गंभीर वाटला नाही. (संडास वेगळा आहे, म्हणून संसार टिकला.)

"आई, तू तरी सांग हिला!"

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे त्याला. पाखरू गुपचूप बसतं तरी. तू आत गेलास की गातोस."

पहिल्या दिवशी यांनी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये डोकं धुतलं. डोकं वर घेताना नळ लागला, आणि नळाऐवजी हेच गळायला लागले. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसलं. ते फडकं ओट्याचं होतं, हे मी नंतर सांगायला नको होतं. मग मात्र ते रुसले, आणि ऑफिसात जाऊन मागच्या आवारातल्या नळावर बादली लावून बसले. नेमके साहेब आले. टॉवेलातल्या हेडक्लार्कला पाहून साहेबच लाजले.

पुढचं बोलणं यांनीच मला घरी येऊन, मोठ्या निरागसपणे, जसंच्या तसं सांगितलं.

"घरी सगळं ठीक आहे ना हो?"

"ठीक आहे साहेब. फक्त बाथरूम रिकामं नसतं. बायकोचा पाहुणा आहे."

"पाहुणा? कोण?"

"बाहेरदेशचा आहे. संध्याकाळी येतो, सकाळी जातो."

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"मी दारसुद्धा वाजवत नाही साहेब. ती म्हणते, तो बुजेल."

"अहो!" मी कपाळावर हात मारला. "पक्षी आहे, हे सांगितलंत का?"

हे विचारात पडले. "ते राहिलं वाटतं."

ते राहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यांना ऑफिसात दोन-दोन डबे खायला मिळू लागले. साहेबांनी पाठीवर हात ठेवून न मागता रजा देऊ केली. एकाने वकिलाचं कार्ड खिशात सरकवलं. शुक्रवारी भाजी घेताना त्याच ऑफिसातल्या टायपिस्टबाई मला भेटल्या. नेहमी अर्धा तास सोडत नाहीत. त्या दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या वयात!" आणि भेंडी न घेताच निघून गेल्या.

मी रडकुंडीला आले. पण म्हटलं, दोनच दिवस. रविवारी आठ वाजता मी सगळ्या गावाला सांगेन. अगदी पक्ष्यासकट.

शनिवारी संध्याकाळी शाळेच्या वर्गात चिठ्ठ्या काढून भाग वाटले जायचे होते. मी आपली निश्चिंत. आमच्या गल्लीत राहणारी गटात मी एकटीच. गल्ली मलाच मिळणार, दुसरं कोण घेणार? मी डब्यात हात घातला. चिठ्ठीवर खरंच आमची गल्ली! मला हसू आवरेना.

हेडबाईंनी चिठ्ठी वाचली आणि परत डब्यात टाकली. "दुसरी काढा. स्वतःची गल्ली कोणालाही देत नाही मी. माणूस आपल्या दारात पक्षी मोजत नाही, शेजारी मोजतो."

सगळे हसले. मी हसत होते ते आधीचंच हसू होतं, ते तोंडावर तसंच वाळलं. दुसरी चिठ्ठी निघाली : गोदामामागचं ट्रकचं यार्ड.  गटातले दाढीवाले केमिस्ट माझ्याकडे न बघता फळा बघू लागले. आणि आमची गल्ली कोणाला मिळाली असेल? माझं नशीब मला चांगलं ठाऊक असल्यामुळे मी वळूनही पाहिलं नाही.

"अय्या, ताईंची गल्ली!" धाकट्या जाऊबाई म्हणाल्या.

घरी येऊन मी पलंगावर बसले ती बसलेच. हे धीर द्यायला आले. (आठवडाभराचा धीर आणि आठवडाभराचा घाम एकदमच आला, म्हणून मी थोडी सरकून बसले.)

"त्यात काय? बुटांच्या खोक्यात घालून पक्षी यार्डात नेऊन सोड."

"तसं चालत नाही हो."

"मग सांगू नकोस कोणाला. तुझ्या जाऊबाईंनाही नको. आपणच खिडकी उघडली, आपणच आंघोळ सोडली."

मला तो विचार आवडला. फार आवडला. पण पहाटे उठून पाहिलं, तर तो गोळा पाइपवर मान खुपसून झोपला होता. तो बिचारा लांबून आला, आणि आम्हा दोघी जावांच्या भानगडीत मोजायचाच राहून जाणार? मी फोन उचलला.

"अगं, आमच्या बाथरूममध्ये तुझा पक्षी आहे."

जाऊबाईंनी एकदम आवाज खाली आणला. मग, "ताई, भाऊजी कुठे आहेत? बरं आहे ना सगळं?" (म्हणजे टायपिस्टबाई तिथवर पोचल्या होत्या.)

सगळं समजावून मी यार्डात गेले. घरात पुढे काय झालं, ते सासूबाईंनी मला नंतर इतक्या आनंदाने सांगितलं की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं वाटलं.

मी बाहेर पडल्या पडल्या यांनी विचार केला, आता पक्षी हिच्या कामाचा नाही, मग आपण कोणासाठी पारोसं राहायचं? आणि हे आत शिरले. अंगभर साबण लावला. पक्षी हलला नाही, त्यामुळे यांनाही आपुलकी वाटली. तेवढ्यात बेल. जाऊबाई दारात.

"भाऊजी, पक्षी आहे का अजून?" त्या बाथरूमच्या दाराला कान लावून म्हणाल्या.

"आहे. समोरच बसलाय."

"हलू नका! आहात तसेच राहा!"

"अहो, पण मी साबणात आहे!"

"पाणी घेऊ नका! बुजला आणि भलतीकडे गेला तर? मला स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागतो. मी खाली गल्लीत उभी राहते. खिडकीतून आपणहून बाहेर येऊ दे."

"कधी येईल?"

"ऊन आल्यावर!"

त्या दिवशी नेमकं धुकं होतं.

इकडे मी यार्डात. ते यार्ड काय वर्णावं! ट्रक, टायर, ऑइलची डबकी आणि एक भिंत. झाड नाही, गवत नाही. तारेवर काहीतरी काळं हललं, मी धावले, तो पायमोजा होता. गोदामाच्या रखवालदाराचा कोंबडा आरवला, पण पाळलेले पक्षी गणनेत धरत नाहीत. वेळ संपत आली आणि एक कावळा आला. मी श्वास रोखला. तो भिंतीवर बसला, पण पलीकडच्या कडेवर! भिंत आमची हद्द; पलीकडची कड केमिस्टांच्या भागात.

"बाबा रे," मी हात जोडले, "दोन बोटं इकडे सरक."

त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडे उतरला. एवढा सरळ नकार मला यांनीही कधी दिला नव्हता.

नऊ वाजता सगळे वर्गात जमले. एकेकाने उठून आपला आकडा सांगायचा होता. जाऊबाई उठल्या आणि थिरथिरा म्हणाल्या मात्र, टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं, "ताईंच्या घरातूनच बाहेर आला." पण टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं. तेवढ्यावर मी त्यांना बरंच काही माफ केलं.

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. माझे दोन तास डोळ्यांसमोर उभे राहिले, मागे नेलकटर.

"शून्य," मी म्हणाले.

"एकही नाही?" हेडबाईंनी चष्मा काढला.

"एक कावळा होता. पण तो भिंतीच्या पलीकडच्या कडेवर होता."

"बरोबर आहे," केमिस्ट म्हणाले. "तो मी धरला."

कोणीतरी खोकलं. मी पर्स उचलायला लागले. आता आभार मानायचे तेवढे राहिले होते.

"बसा," हेडबाई म्हणाल्या. "त्या यार्डात मी इतकी वर्षं माणसं पाठवते. जो जातो तो येऊन सांगतो, दोन साळुंक्या आणि एक कावळा. दर वर्षी. माणूस बदलतो, साळुंक्या दोनच! मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले आहे, मला माहीत आहे तिथे काय आहे ते." वर्गातल्या निम्म्या माना खाली गेल्या. "शून्य हीसुद्धा नोंदच असते. आणि खरं शून्य सांगणारं माणूस मला आज पहिल्यांदा मिळालं. तुम्ही गटात राहिलात."

मी पर्स खाली ठेवली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल चारचौघांत असं कोणी बोललं नव्हतं.

"आणि असं माणूस मी दुसरीकडे वाया घालवणार नाही," हेडबाई पुढे म्हणाल्या. "यापुढे ते यार्ड दर वर्षी, कायमचं तुमचं."

एकदम टाळ्या सुरू झाल्या. थिरथिऱ्यालाही पडल्या नसतील एवढ्या. लोक उभे राहून वाजवत होते. मी दोन्ही हात जोडून, भरल्या डोळ्यांनी सगळीकडे वळून वाकत होते. वाकता वाकता केमिस्टांजवळ आले, तेव्हा ते शेजारच्याला म्हणत होते, "सुटलो बाबा! आता ती चिठ्ठी डब्यातच नसणार."