गोलातला आर

माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात सगळे जेवत असताना गजभिये काका हातात ताट घेऊन केटररच्या बॅनरसमोर जाऊन उभे राहिले. केटरर धावत आला. त्याला वाटलं, काहीतरी कमी पडलं.

"भिया, ये नाम के ऊपर गोल में आर किसने लगाया?"

"डिझाइनवाले ने, बाबूजी. अच्छा दिखता है."

"अच्छी तो पुलिस की टोपी भी दिखती है. पहन के घूमोगे?"

केटरर हसला. काका हसले नाहीत. नाव नोंदलेलं नसताना तो गोलातला आर लावणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी त्याला तिथेच समजावलं. ताटातल्या दहीवड्याचं दही तोवर जिलबीपर्यंत पोचलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टीएम लिहिलं तर कोणी अडवत नाही. टीएम म्हणजे मी या नावावर हक्क सांगतोय. आर म्हणजे सरकारनं तो मान्य केलाय. आजच्या कार्यक्रमात आणि लग्नात जेवढा फरक, तेवढाच."

केटररनं मिठाईच्या खोक्याचा एक तुकडा फाडून त्या आरवर चिकटवला, तेव्हाच काका जेवायला बसले.

हे आमचे शेजारी, यशवंत गजभिये. इंदूरजवळ राऊला आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. वडील महूला फौजेच्या बँडमध्ये होते, म्हणून काका अजूनही ताठ चालतात. सगळी नोकरी एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून झाली. वकिलाचं काम ट्रेडमार्कचं. वकीलसाहेब बोलायचे आणि काका टाइप करायचे, पण कायदा उतरला तो काकांच्या बोटांत. काकू आम्ही राऊला येण्याआधीच गेल्या. मुलगी नागपूरला. काका एकटेच राहतात, आणि सकाळी फिरायला जाताना वही घेऊन जातात. लोक झाडं बघतात, पक्षी बघतात. काका पाट्या बघतात. एकाच रस्त्यावरच्या तीन कचोरीवाल्यांचं नाव एकच, त्यातला एक 'असली', एक 'पुराना' आणि एक 'असली पुराना', अशी नोंद मी त्या वहीत स्वतः वाचली आहे. नवीन दुकान दिसलं की काका आत शिरतात आणि मालकाला विचारतात, "नाव तुमचं आहे, की नुसतं तुमच्याकडे आहे?"

निम्मे मालक त्यांना इन्कम टॅक्सवाले समजतात.

मी घरी जिरावन करते. पोह्यांवर भुरभुरवायचा आमचा इंदुरी मसाला. आधी मी शेजारीपाजाऱ्यांना द्यायची, मग दुकानं मागायला लागली, म्हणून मी पाकिटं छापली. वर ठसठशीत नाव, 'इंदौरी स्पेशल जिरावन'. पहिलं पाकीट काकांना दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मीनल, यात तुझं काय आहे?"

"सगळंच माझं आहे, काका. सोळा जिन्नस मी स्वतः भाजते."

"मसाला तुझा आहे गं. नावाचं विचारतोय. इंदौरी आहे, ते गावाचं. जिरावन आहे, ते वस्तूचं. आणि स्पेशल कोण नाही? उद्या समोरची बाई हेच छापेल, तेव्हा तिला काय सांगशील?"

मी म्हटलं, समोरच्या बाईला चहासुद्धा धड जमत नाही. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. वस्तूचं नुसतं वर्णन करणारं नाव कोणा एकाच्या मालकीचं करून देत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात नुसतं बारसं चाललं होतं. मी रोज एक नाव घेऊन काकांकडे जायची. काका ते सरकारी साइटवर शोधायचे, आणि नुसतं तेच स्पेलिंग नाही, तर तसं ऐकू येणारं प्रत्येक. "गिऱ्हाईक स्पेलिंग पाहत नाही," म्हणायचे, "दुकानात उभं राहून तोंडानं मागतं. कानाला सारखं वाटलं की अडकलं." माझी चौदा नावं अशी कानाला अडकली.

शेवटी नाव दिलं माझ्या मुलीनं, तेही तिच्या नकळत. लहानपणी तिला जिरावन म्हणता यायचं नाही. ती 'झिलान' म्हणायची. मी ते सहज बोलून गेले, तर काका खुर्चीतून उठलेच. "हे! हे कोणाचंच नाही!"

मसाल्यांच्या वर्गात, म्हणजे तिसाव्या वर्गात, अर्ज गेला. गोलातला आर घातलेली नवीन पाकिटं मी उत्साहाच्या भरात आधीच छापून आणली होती. ती पाहून काकांनी कात्री मागितली. आम्ही दोघांनी बसून चारशे पाकिटांवर टीएमची चिठ्ठी चिकटवली. माझे मिस्टर मध्येच येऊन म्हणाले, "जाने दो ना काका, कौन देख रिया है?" काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तेही खाली बसून चिकटवायला लागले.

मग आक्षेप आला. 'झीलम' नावाचा कोणाचा तरी चहा आधीच त्या वर्गात होता, आणि तपासणाऱ्यांच्या मते नावं सारखी होती. महिन्याच्या आत उत्तर द्यायचं होतं. मी रडकुंडीला आले. काका मात्र खुलले. त्यांनी तीन पानांचं उत्तर तयार केलं. चहा वेगळा, मसाला वेगळा, शब्द वेगळा, घेणारा वेगळ्या कामासाठी घेतो. उत्तर गेलं, तर सुनावणीची तारीख आली. सुनावणी कॉम्प्युटरवरच होती, घरूनच.

"काका, तुम्ही बोला."

"मी वकील नाही, एजंट नाही. मी टायपिस्ट. बोलायचा हक्क तुझा, बोलायचं तूच."

मी बारावीनंतर कधी चार माणसांसमोर उभी राहून बोलले नव्हते. पुढचे आठ दिवस दुपारी काकांच्या जेवणाच्या टेबलावर सुनावणी भरायची. काका अधिकारी व्हायचे. त्यासाठी कोट घालायचे, मे महिन्यात, आणि माझ्याशी ओळख दाखवायचे नाहीत. "येस मॅडम, प्रोसीड," म्हणून मला घाम फोडायचे आणि त्यांना स्वतःलाही कोटात घाम फुटायचा. मी अडखळले की म्हणायचे, "मॅडम, धिस ऑफिस इज वेटिंग." एकदा मी चिडून म्हटलं, "काका, तुम्ही जरा जास्तच कर रिये हो." त्यावर ते म्हणाले, "हूज काका, मॅडम?"

खऱ्या दिवशी काका कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा कोपऱ्यात, स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावरचे साहेब काकांपेक्षा कितीतरी मवाळ निघाले. त्यांनी विचारलं, ये शब्द आया कहाँ से? मी सांगितलं. लेकीच्या बोबड्या बोलापासून सगळं सांगितलं. चहाचं सांगितलं, मसाल्याचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की सर, जिरावन कोई चाय में नहीं डालता. साहेब हसले. मी कोपऱ्यात पाहिलं, तर काका डोळे मिटून ओठ हलवत माझ्याबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होते.

अर्ज मान्य झाला. तरी काकांनी पेढे घेऊ दिले नाहीत. नाव आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साप्ताहिक जर्नलमध्ये छापून येतं, मग चार महिने कोणालाही हरकत घेता येते. काका दर सोमवारी जर्नल उघडून बसायचे. आमचं नाव छापून आलं तेव्हा मला असं बोलावलं, जणू बोर्डाच्या परीक्षेत पहिली आले. कोणी हरकत घेतली नाही. सर्टिफिकेट आलं. दहा वर्षांसाठी, आणि पुढे वाढवता येतं. त्यावर माझं नाव होतं. घराच्या कागदांवर मिस्टरांचं, गाडीच्या कागदांवर मिस्टरांचं, हा एकच कागद माझा. मी ते तीनदा वाचलं.

गोलातल्या आरची पाकिटं छापून आली, तेव्हा त्यातलं पहिलं घेऊन मी भर दुपारी काकांकडे गेले. दार उघडं होतं. हाक मारली तर गच्चीवरून ओ आली.

गच्चीवर काका जुन्या साडीवर पापड वाळत घालत होते. पापड म्हणायचं एवढंच. एकही गोल नव्हता. कोणी नकाशासारखा, कोणी कानासारखा. शेजारी छापील पाकिटांचा छोटा गठ्ठा होता. त्यावर 'शशिकला मूग पापड', आणि शशिकलाच्या वर गोलातला आर.

"काकूंचं नाव?" मी विचारलं.

काकांनी हातातला पापड साडीवर पसरला. मग म्हणाले, "ती पापड करायची. अख्खं महू न्यायचं. ऑफिसात दुसऱ्यांचे अर्ज टाइप करता करता एकदा तिचाही केला. सर्टिफिकेट पाहून खूप हसली. म्हणाली, पापडाला कशाला एवढं?" त्यांनी एक पापड उलटला, तो मोडला. "नाव वापरात नसलं, पाच वर्षं नुसतं पडून राहिलं, तर कोणीही अर्ज करून काढायला लावू शकतो. म्हणून दर उन्हाळ्यात थोडे करतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवतो. तो बिचारा ठेवून घेतो."

"पण काका, कोण काढायला लावणार आहे?"

"कोणी नाही."

गठ्ठ्याखाली उडू नये म्हणून एक प्लास्टिकची फाइल दाबून ठेवली होती. मी पाकिटं उचलली तेव्हा आतला फॉर्म दिसला. मालक वारला तर नाव वारसाकडे करून घ्यायचा फॉर्म. कॉलम न् कॉलम सुबक टाइप केलेला. कागद कडांना पिवळा पडलेला. सहीची जागा कोरी.

चारशे पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावणारा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो द्यायचा राहिलाय. तिथं तिच्या जागी मालक म्हणून माझं नाव येतं."

ऊन सरकलं होतं. मी पदर खोचला, पापडांखालच्या साडीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून पापड उन्हात ओढून घेतले.