बाईंचा भुरका

सकाळी साडेआठ वाजता, डोंबिवलीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, सरोजबाई तावडे यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला भुरका मारायचा प्रयत्न केला. आवाज काही आला नाही. कढत नूडल्सचा गुंता मात्र थेट जिभेवर जाऊन बसला. बाईंनी वाडगा ओट्यावर आदळला आणि अशी किंकाळी फोडली की दाढी करत असलेले मधुकरराव अर्ध्या गालावर फेस घेऊन धावत आले.

"अगं, काय झालं?"

"दीभ!"

"काय?"

"दीभ भादली, दीभ!"

मधुकररावांनी फ्रीजमधून बर्फ काढला. बाईंनी मानेनेच नकार दिला. बर्फाने घसा बसला असता, आणि आज घसा बसून चालण्यासारखं नव्हतं. मग तूप झालं, मध झाला. जीभ चुरचुरत होती ती होतीच.

कारण प्रकरण गंभीर होतं. पाच वाजायच्या आत ठाण्याच्या स्टुडिओत बाईंना एक भुरका द्यायचा होता. घरच्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बघावा असा एक जपानी अ‍ॅनिमेशनपट मराठीत येणार होता. डोंगरातल्या खेड्यात एकटीने पोस्ट सांभाळणारी एक करारी आजी, आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचं रूप घेऊन रोज संध्याकाळी तिच्याकडे येणारा एक बगळा, अशी ती गोष्ट. आजीचा आवाज सरोजबाईंचा. डबिंगचा दिग्दर्शक ऋतुराज हा बाईंचाच विद्यार्थी, पाचवी ब. शाळेच्या मेळाव्यात बाईंना माइकवर बोलताना ऐकून तो जागच्या जागी उडाला होता. "बाई, माझी आजी सापडली," असं तो म्हणाला तेव्हा बाईंना आधी वाटलं, याची आजी हरवली होती की काय.

सतरा दिवस बाई ठाण्याला जाऊन आजी झाल्या. रागावल्या, खोकल्या, पत्रांवर शिक्के मारताना पुटपुटल्या, एकदा तर खरोखरच रडल्या. टोकियोहून दरवेळी "उत्तम" असा निरोप आला. शेवटी एकच जागा राहिली होती. कागदी दारामागे आजी आणि पाहुणा नूडल्स खातात. पडद्यावर नुसत्या सावल्या दिसतात आणि भुरक्याचा आवाज येतो. टोकियोच्या यादीत लिहिलं होतं, "जेवणाचे आवाज नव्याने भरणे." कोणाचे ते लिहिलं नव्हतं. ऋतुराजने विचार केला, बगळ्याला ओठच नसतात, तो काय भुरका मारणार? म्हणजे आजीच. आणि त्या जपानी मंडळींचा नियम कडक होता. एका पात्राचा शब्द, श्वास, खोकला, घास, सगळं एकाच माणसाच्या तोंडून यायला हवं. बाईंना भुरका जमला नाही तर अंधेरीच्या एक अनुभवी बाई तयार होत्या. त्या येणार, सगळी आजी पहिल्यापासून पुन्हा बोलणार, आणि सरोजबाईंचे सतरा दिवस पुसले जाणार.

ते पुसलं जाणं बाईंना सोसवणार नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं लिहिली होती. हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकावर, बक्षिसाच्या प्रमाणपत्रांवर, तीही वळणदार अक्षरात. आता पडद्यावर, अंधारात, शंभर माणसांसमोर एकदा आपलं नाव दिसावं एवढीच त्यांची हाव होती, आणि ती हाव आहे हे त्या स्वतःशी कबूलही करत होत्या.

पण भुरका येईना. येणार कुठून? चौतीस वर्षं मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून फिरून याच बाईंनी पोरांना तोंड मिटून खायला शिकवलं होतं. ताकाची वाटी तोंडाला लागली रे लागली की बाई मागे उभ्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठल्याही लग्नात ओळखू येतात म्हणे. पंगतीत ती एकटीच गुपचूप जेवत असतात.

"तुम्ही तरी करून दाखवा," बाई मधुकररावांना म्हणाल्या. जीभ आता जराशी वळत होती.

"मी? अगं, चाळीस वर्षं मी बिनआवाजाचा चहा पितोय. माझापण गेला की!"

तरी बिचाऱ्यांनी वाडगा उचलला. ओठांचा चंबू केला. घुर्र, फुस्स, खर्र असे तीन आवाज निघाले आणि दारावरची बेल वाजली. शेजारची विनिता होती.

"काका, पाणी जातंय का ओ? तुमच्या नळाचा आवाज आला आमच्याकडे. हवा येते ना, तसा."

"छे गं, तो मी होतो," असं सांगणं मधुकररावांना प्रशस्त वाटेना. ते "हं... बघतो," म्हणाले. विनिताला तेवढं पुरलं. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "पाणी जातंय, भरून घ्या." चोवीस बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले. पिंपं भरली, बादल्या भरल्या, कोणी कुकरसुद्धा भरून ठेवले. अर्ध्या तासात गच्चीवरची टाकी कोरडी ठणठणीत झाली आणि पाणी खरंच गेलं.

आता बाईंच्या घरात नूडल्स उकडायला पाणी नव्हतं. सराव बंद, स्वयंपाक बंद. सेक्रेटरी जिने चढून प्रत्येकाला विचारत होते, "पहिल्यांदा कोणी सांगितलं?" मधुकरराव दाराला आतून कडी लावून बसले. गालावरचा फेस एव्हाना वाळला होता, तो त्यांनी टॉवेलने खरवडला.

दोनला दोघं रिक्षाने निघाले. वाऱ्याने आवाज बिघडू नये म्हणून बाईंच्या डोक्याला मफलर होता आणि रिक्षाच्या एका बाजूला मधुकररावांनी चादर धरली होती. शीळफाट्याला पाऊण तास गेला. कळव्याच्या पुलावर तर रिक्षा अशी थांबली की रिक्षावाल्याने उतरून आळस दिला.

"केळं खातेस? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"जीभ झोंबते. नको."

"किती वाजले ते विचारू नकोस हां, मी सांगणार नाही."

"किती वाजले?"

"तीन पन्नास."

भूक कुठली आणि भीती कुठली, ते बाईंनाच कळेनासं झालं होतं.

नौपाड्यातल्या तळघरातल्या त्या स्टुडिओत त्या शिरल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. ऋतुराज दारातच येरझाऱ्या घालत होता. यंत्रासमोर दक्षता बसली होती, शेजारी जपानी जाणणारी दुभाषी कृतिका. भिंतीवरच्या पडद्यावर टोकियोच्या ओकुमुराबाई दिसत होत्या. पिकलेले केस, समोर पेन्सिल, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. तिकडे संध्याकाळ कलून गेली होती. पाच वाजता, म्हणजे त्यांच्या साडेआठला, त्या फायली बंद करून घरी जाणार होत्या, आणि चित्रपट उद्या पुढच्या कामाला जाणार होता.

"बाई, एकदम आरामात," ऋतुराज म्हणाला. त्याने स्वतः घड्याळ पाहिलं. "टेन्शन नका घेऊ. नूडल्स गरम आहेत, मस्त आहेत. तुम्ही फक्त... खा."

काचेच्या खोलीत बाई बसल्या. कानांवर हेडफोन, समोर वाडगा, वर लाल दिवा. पहिल्या खेपेला काहीच आवाज आला नाही. दुसऱ्या खेपेला बाईंनी नुसता उसासा टाकला. तिसऱ्या खेपेला मात्र दातांमधून असा लांबलचक "स्स्स" निघाला की ऋतुराज, दक्षता आणि कृतिका तिघंही नकळत ताठ बसले. तो वर्ग गप्प करायचा आवाज होता.

"बाई, छान आहे," ऋतुराज बटण दाबून म्हणाला. "फक्त थोडं... कसं सांगू... थोडं असभ्य पाहिजे."

"किती असभ्य?"

"म्हणजे... फुल." एवढं बोलून त्याने जीभ चावली. "सॉरी बाई."

चौथ्या वेळी ठसका लागला. पाचव्या वेळी भाजलेल्या जिभेवर पुन्हा कढत नूडल्स पडून डोळ्यांत पाणी आलं. सहाव्या वेळी नूडल्सच संपल्या, आणि त्याही कशा, तर तोंड मिटून, एकेक घास बत्तीस वेळा चावल्यासारख्या. ओकुमुराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार पस्तीस.

ऋतुराज दक्षताच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि फोन घेऊन बाहेरच्या बोळात गेला. काचेतून बाईंना तो दिसत होता. एक हात केसांत, दुसऱ्या हाताने नंबर लावणं चाललं होतं. आवाज काही येत नव्हता, पण अंधेरी हे गाव ओठांवरूनसुद्धा ओळखता येतं. आपल्या नावाच्या जागी दुसरं नाव कसं दिसेल, हे त्यांना स्पष्ट दिसायला लागलं. उगाच सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलो, असंही वाटलं.

तेवढ्यात दक्षता आत आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"बाई, नूडल्स संपल्या ओ. सरांच्या डब्यात हे आहे. ते बोलले, बाईंना काहीतरी खाऊ दे, सकाळपासून धड जेवल्या नाहीत. बघा, जातंय का." ती डबा ठेवून गेली.

बाईंनी झाकण उघडलं. कुळथाची पिठी होती. पातळ, कोमट, वर लसणाची फोडणी आणि दोन आमसुलं. सकाळपासून पोटात त्या चार घासांपलीकडे काही नव्हतं आणि जिभेला गरम चालत नव्हतं. हे मात्र अगदी बेताचं होतं. चमचा कुठे दिसेना. आता सगळं संपलंच आहे तर निदान पोट तरी भरू, म्हणून बाईंनी दोन्ही हातांनी डबा उचलला आणि तोंडाला लावला.

भुर्र्र्र्र्र्र!

दक्षता खुर्चीतून उडाली. यंत्रावरचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. बाईंना कशाचं भान नव्हतं. दुसरा भुरका पहिल्याहून लांब होता, तिसऱ्याला शेवटी एक गोड "हाऽऽ" होतं. बाहेर बाकावर पेंगणारे मधुकरराव दचकून उठले. बायकोचा आवाज त्यांनी ओळखला नाही ही गोष्ट वेगळी. ऋतुराजने धावत येत फोन कापला.

"रेकॉर्ड केलंस?"

"सर, दिवा बंदच नव्हता केला मी!"

पडद्यावर ओकुमुराबाई उभ्या राहिल्या. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि बरंच काही बोलल्या. कृतिका ऐकताना हसली, मग तिचं हसू मावळलं.

"त्या म्हणतात, अप्रतिम. कामाला लागल्यापासून त्यांनी असा भुरका ऐकला नाही. पण विचारतायत, हा कोणासाठी?"

"आजीसाठी," ऋतुराज म्हणाला.

मग ओकुमुराबाई सावकाश बोलू लागल्या आणि कृतिका तुकड्यातुकड्याने सांगू लागली. "आजी आवाज करत नाही. ती शिस्तीची आहे, गुपचूप जेवते. भुरका पाहुण्याचा आहे... तो माणसासारखं जेवायला नव्यानेच शिकलाय, म्हणून जरा जास्तच करतो... आणि आजी त्याला ओरडत नाही. कारण तिच्या घरात कितीतरी वर्षांनी कोणीतरी आवाज करून जेवतंय."

सरोजबाई काचेआड डबा हातात धरून उभ्या होत्या. ते शेवटचं वाक्य त्यांना कुठेतरी लागलं. मधुकररावांच्या चाळीस वर्षांच्या मुक्या चहाची त्यांना आठवण झाली आणि जरा वाईट वाटलं.

"मग आजीचं काय राहिलं?" ऋतुराजने कसंबसं विचारलं.

"काहीच नाही. त्या म्हणतात, आजी मंगळवारीच पूर्ण झाली. फार सुंदर झालीय. नाव कसं लिहायचं तेवढं नीट कळवा."

बाई खाली बसल्या. हसावं की रडावं ते न कळून त्यांनी दोन्ही केलं. मधुकरराव दारातून "झालं ना? झालं ना?" म्हणत आत शिरले.

"एक मिनिट," कृतिका म्हणाली. "त्यांना बगळ्याचा भुरका पाहिजे. पाचच्या आत. बगळ्याचा आवाज ज्यांनी दिला त्यांच्याच तोंडून. नाहीतर बगळा बदलावा लागेल."

सगळ्यांनी ऋतुराजकडे पाहिलं. बगळा त्यानेच केला होता.

मधुकरराव कोपऱ्यावरच्या गाडीवरून धापा टाकत नूडल्स घेऊन आले. ऋतुराज काचेआड जाऊन बसला, बाई बाहेर त्याच्या खुर्चीत. लाल दिवा लागला. ऋतुराजने घास तोंडाजवळ नेला, काचेपलीकडे बाईंना पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ ठेवून, एकेक घास शांतपणे चावून खाऊ लागला. यंत्रावरचा काटा जागचा हलला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने रुमालाने ओठही टिपले.

"सर, काय करताय?" दक्षता कळवळली. "आठ मिनिटं राहिली!"

"बाई," ऋतुराज घाम पुसत म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता का? नाही होत ओ तुमच्यासमोर."

सरोजबाईंनी दक्षताला विचारून समोरचं बटण दाबलं.

"मी कुठेही जाणार नाही, ऋतुराज. वाडगा उचल, मान वर कर. आणि आवाज मागच्या बाकापर्यंत आला पाहिजे."