चित्रकोठी हलकी केली त्याचे वर्तमान

श्रीदृष्टिदेवतेस नमन. बाळहो, घटकाभर डोळे मिटा आणि मनी आणा की एक चित्र आहे, आणि ते बारीक चौकोनांनी भरिले आहे. एकेका चौकोनास एकच रंग, आणि चौकोन इतुके लहान की वेगळे दिसत नाहीत, दिसतो तो चेहरा. या चौकोनास पिक्सेल म्हणत. पिक्सेल जितुके अधिक तितुके चित्र नेटके, आणि तितुकीच त्याची फाईल जड. हे ध्यानी धरोन पुढे ऐकावे.

शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, कार्तिकमासी एका राज्यी ऐसे जाहले. त्या राज्याची रीत ऐसी की रयतेतील प्रत्येकाचे एक चित्र सरकारी संगणकाचे कोठीत असावे, दुसरी प्रत कोठे नसावी, आणि माणूस निवर्तले म्हणजे घरच्यांनी दरसाल तिथीस येऊन दर्शन घ्यावे. कोठीवर मल्हारपंत म्हणोन अंमलदार होते, मनाचे मऊ, कामाचे चोख. त्यांचे कुटुंब सगुणाबाई ज्वराने गेली होती, आणि मागे कन्या गोदू राहिली होती. आई होती तोवर ही पोर निजताना आईच्या हनुवटीवरील तिळावर बोट ठेवी, आणि मगच तिला झोप येई.

महाराजांस हत्तीवर बसोन चित्रे काढविण्याची हौस फार, आणि प्रत्येक चित्र भले थोरले, आणि मग कोठी भरली, आणि एक हत्ती आत शिरेना. दिवाण म्हणाले, "पंत, हत्ती दारात खोळंबलाय. जागा करा." पंत म्हणाले, "जागा करणे तर फायली हलक्या करणे. शेजारचे चार चौकोन घ्यावे, त्यांचे रंग कालवावे, आणि चहूंचा एक करावा." "मग अडलंय कुठं?" ऐसे बोलोन दिवाणांनी दरबार भरविला. तेथे चित्रे पारखण्याची जागा एकच, ती गादी. महाराज गादीवरून उतरत नसत. जड आणि हलके ऐसी दोन्ही चित्रे दूर भिंतीवर लाविली, आणि महाराज म्हणाले, "आम्हांस तर दोन्ही एकच दिसतात." पंत हात जोडोन म्हणाले, "महाराज, जवळून पाहावे. निदान मूळ चित्रे तरी राखावी." तेव्हां दिवाण हसोन बोलले, "वा पंत! घर झाडून केर घरातच ठेवता काय?" दरबार हसला, आणि लाजेने पंतही थोडके हसले. मग हुकूम सुटला की रयतेची सर्व चित्रे हलकी करावी, हत्तींस हात लावू नये. आपले तेवढे राखिले ऐसे कोणी म्हणू नये, म्हणोन पंतांनी आरंभ सगुणाबाईच्याच चित्रापासून केला. दुरून पाहिले, ती पूर्ववत हसत होती. पंतांस शेला मिळाला. पुढे आणखी हत्ती आले, आणि पुन्हा चहूंचा एक, आणि पुन्हा चहूंचा एक, आणि दर खेपेस आरंभ घरापासून.

फाल्गुनात सगुणाबाईची तिथी आली. गोदू चौरंगावर चढोन कोठीतील पडद्याशी नाक लावोन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आईचा तीळ कुठाय?"

"आहे की गं, हनुवटीवर."

"नाही. तुम्ही या ना जवळ."

पंत जवळ गेले. हनुवटी होती, तीळ नव्हता. त्यांचा जीव उडाला. त्यांनी चित्र वाढविले, एका चौकोनाचे चार केले, चहूंचे सोळा, परंतु चारही एकाच रंगाचे निघाले, चित्र भिंतीएवढे जाहले आणि तीळ काही आला नाही. मग खाली बसोन त्यांनी लेकीस पुसिले, "गोदू, वाटीभर दुधात शाईचा थेंब पडला. कुठं गेला?"

"दुधातच आहे."

"काढ बरं वेचून."

गोदू पुन्हा पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे दूध जरा मळकट दिसतं, तोच आईचा तीळ?" पंतांनी मान डोलाविली.

"मग एक काळा चौकोन लावा ना तिथं." पंतांनी लाविला. आता चौकोनच थोर जाहले होते, तो तीळ डोळ्याएवढा दिसो लागला. गोदू किंचाळली, "ही आई नव्हे! पुसा, पुसा ते!" आणि पंतांनी तोही पुसिला.

तात्पर्य, लहान केलेले मोठे करिता येते, गेलेले परत आणिता येत नाही. म्हणोन हलकी करावी ती नक्कल, मूळ राखावे, आणि पारख करावी ती ज्याचे माणूस त्याच्या जागेवरून. त्या राज्यात हत्ती तेवढे नखशिखांत सुखरूप राहिले.

गोदू मात्र चौरंगावरून खाली उतरली, तिने आपल्या डोळ्यांतील काजळ बोटावर घेतले, डोळे मिटले, आणि ते बोट आपल्याच हनुवटीवरून हळूहळू फिरविले. एके ठायी ते आपोआप थांबले. तेथे तिने तिळाएवढा ठिपका उमटविला आणि बापाकडे तोंड वर करोन म्हणाली, "आबा, आता माझं चित्र काढा. जवळून काढा. आणि गादीवरून कुणाला दाखवू नका."