गोल तळ्याला उलटी फेरी

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! दुसरा कोणी सांगत असता तर मीसुद्धा त्याला वेड्यात काढलं असतं. पण डोंगरातल्या आमच्या अख्ख्या दालात गावामध्ये कधीही खोटं न बोलणारे दोनच जीव होऊन गेले. एक माझा घोडा सेनापती आणि दुसरा मी. सेनापती वारला, तेव्हापासून खरं बोलायची सगळी जबाबदारी माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

हे मी परवा दुपारी बायकोच्या टपरीवर बसून सांगत होतो. ती मातीच्या वाट्यांमध्ये तांदळाच्या पिठाचे गोल बान कान भाजत होती आणि समोर फोटोवाला तुएन एकामागून एक गिळत होता. कान मात्र माझ्याकडे. बायको, हुएन, आपली पाठमोरी, धुरात.

तर गोष्ट माझ्या पुतण्याची. डांग त्याचं नाव. पोरगा कष्टाळू, सरळ, आणि दिसायला थोडा माझ्यावर गेलेला, म्हणजे देखणा! त्याचं जमलं कुणाशी, तर खाली बेन त्रेकडच्या लिएनशी. नद्या आणि नारळ यांच्या मुलखातली मुलगी. हसली की आमच्याकडचं धुकं विरायचं. दोघांच्या घरचे राजी, फक्त एक जण सोडून. लिएनची आजी. मुओई आजी! वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या कमरेइतकी, आणि आवाज असा की नदीपलीकडची बदकं घरी परतायची.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या गावाची एक बदनामी देशभर पसरलेली आहे. प्रेमातलं जोडपं दालातला फिरायला आलं, की परत जाऊन त्यांचं तुटतं! फोटो काढतात बरोबर, आणि महिन्याभरात त्याच फोटोचे कात्रीने दोन तुकडे करतात. तुएनचा धंदा निम्मा या जोडप्यांवर चालतो म्हणून तो गप्प बसतो एवढंच.

मुओई आजी बसमधून उतरली ती दोन घोंगड्या, एक रजई आणि डोक्यावर टॉवेल अशा थाटात. आम्हाला तेव्हा उकडत होतं! उतरल्या उतरल्या तिने फर्मान काढलं.

"पोराचं घर बघीन. गावही बघीन, मरायच्या आधी दालात बघायचंय मला. पण बघण्यासारख्या एकाही ठिकाणी ही दोघं एकत्र दिसली, तर लग्न मोडलं! संध्याकाळी तुमच्या घरचं पान मी तोंडात घातलं तर समजा ठरलं. नाही घातलं, तर सकाळच्या बसने नात घेऊन मी चालले."

डांगचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालं. मला बाजूला ओढून म्हणाला, "काका, आता हो?"

"आता काय? ख्वात काका जिवंत आहे ना तुझा! शेकडो... आपलं, हजारो पाहुणे फिरवलेत मी माझ्या घोडागाडीतून. आजीला असं फिरवतो, की पान काय, पानदान खाईल!"

बेत मी जागच्या जागी रचला. मी आजीला आणि लिएनला घोडागाडीतून तळ्याभोवती फिरवायचं. डांगने बाजारातून भाजलेलं डुक्कर घ्यायचं, कारण संध्याकाळच्या बैठकीला ते हवंच, आणि सायकलवर लादून घरी न्यायचं. आता बाजारातून घरी जायला रस्ता एकच, तळ्याकाठचा. पण मी काय असातसा आहे?

"आम्ही उजवीकडून वळसा घालतो," मी म्हटलं, "तू डावीकडून ये. उलट दिशेने! म्हणजे गाठ पडायचा प्रश्नच नाही."

डांग डोकं खाजवत म्हणाला, "काका, पण तळं गोल आहे."

"मग?"

"मग अर्ध्या वाटेत समोरासमोर येऊ की!"

"मोठ्या माणसाला शिकवतोस? चाळीस वर्षं मी या तळ्याभोवती फिरतोय. ते गोल आहे हे मला माहीत नाही होय? नीघ!"

निघालो. सेनापती दुडक्या चालीने, गळ्यात घुंगरू, डोक्यावर कागदी फुलं. आजी खूष! "हे काय, ते काय," म्हणून विचारत होती. चर्चच्या मनोऱ्यावरचा कोंबडा बघून म्हणाली, "वर चढवलाय, पण आरवतो का?" मी म्हटलं, "तुम्ही आल्याचं कळल्यापासून गप्प आहे." हसली! मी मनात म्हटलं, पान पडलं तोंडात!

आणि फुलांच्या बागेच्या वळणावर समोरून सायकल आली.

सायकलवर डांग. मागच्या कॅरिअरवर अख्खं डुक्कर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, फक्त तोंड बाहेर. ते डुक्करसुद्धा डांगपेक्षा शांत दिसत होतं.

आजीने झटकन घोंगडी लिएनच्या डोक्यावर टाकली. "बघू नकोस!"

"मला काही दिसलंच नाही आजी," घोंगडीतून आवाज आला.

"मग कान का लाल झाले? डुकराला लाजलीस?"

मी ओरडलो, "अरे डांग, उलटा फिर! आल्या वाटेने जा!"

पोरगं आज्ञाधारक. गर्रकन सायकल वळवली. पण आजी ऐकते होय! नाट लागली म्हणाली. आता नाट लागली की कागद पेटवून ओवाळायचा, हे आमच्याकडे भाजीवालीच्या तान्ह्या पोरालासुद्धा कळतं. पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं, तरी दुकानदारीण कागद जाळते! मी बुडाखालचं वर्तमानपत्र काढून दिलं. आजीने ते पेटवून लिएनवरून ओवाळलं, गाडीवरून ओवाळलं, माझ्यावरून तर दोनदा ओवाळलं.

"झालं, टळलं," मी म्हटलं. "चला!"

पण इथेच एक बारीकसा घोटाळा झाला. डांग उलटा फिरला म्हणजे आता तो आमच्याच दिशेने चालला होता. आमच्या पुढे! डुकराच्या वजनाने सायकल सरकेना, आणि सेनापतीला भाजलेल्या डुकराचा वास आला. घोडा मांस खात नाही हे मला माहीत आहे, तुएन, मध्ये बोलू नकोस. पण वास सर्वांनाच आवडतो! तो काही मागे राहीना. पुढे नवरदेव, त्यामागे डुक्कर, त्यामागे घुंगरू वाजवत घोडा, आणि गाडीत घोंगडीखाली नवरी. रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं वरात आहे!

"थांबव त्याला!" आजी किंचाळली.

"अरे थांब!" मी ओरडलो.

"अरे थांबव म्हणजे लांब घालव!"

"अरे पळ!" मी ओरडलो.

थांबू की पळू या गोंधळात डांगच्या सायकलची साखळी निखळली. आम्ही थेट त्याच्या शेजारी जाऊन उभे! म्हणजे आता तळं एका अंगाला, फुलं दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये ही दोघं, हातभर अंतरावर. याहून प्रेक्षणीय स्थळ दालातमध्ये नाही!

आजी गाडीतून उडी मारून उतरली. "कागद!"

"संपला, आजी."

तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मी "नको, नको" म्हणत खाली उतरेपर्यंत डुकराच्या अंगावरचा कागद ओरबाडून काढला. मंडळी, तो कागद चरबीने निथळत होता! आजीने काडी लावली मात्र, असा भडका उडाला की तळ्यापलीकडच्या पाइन झाडांच्या सावल्या बदलल्या. आजी काही डगमगली नाही. मशाल घेतल्यासारखी ओवाळत सुटली, डांगवरून, डुकरावरून, आणि सेनापतीच्या अगदी नाकावरून!

सेनापतीने आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. ही पहिलीच. तो जो उधळला! गाडीत लिएन एकटी. "आजी गं!"

डांगने सायकल टाकली, डुक्कर टाकलं, झेप घेतली आणि चालत्या गाडीवर चढून लगाम धरला. बघता बघता गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. राहिलो मी, आजी आणि धूर.

"एका गाडीत!" आजी पुटपुटली. "दोघं! तळ्याकाठी!" तिने घोंगड्या फेकल्या. थंडी गेली कुठल्या कुठे! "गाडीवाल्या, ते पांढरं काय बांधलंय काठाला?"

"राजहंस, आजी. पायडल मारायच्या होड्या. प्रवासी लोक बसतात."

"बस त्यात! समोरच्या काठावर गाठू त्यांना."

"आजी, तुम्हाला जमेल का?"

"मेल्या, मी होडीत जन्मले! चालायला शिकायच्या आधी वल्हं मारत होते!"

मंडळी, मी पुष्कळ इंजिनं पाहिली. आमच्या जुन्या स्टेशनात वाफेचं इंजिन होतं, ते पाहिलं. पण मुओई आजीचे पाय! पाण्याचं लोणी निघायला लागलं! राजहंसाची मान मागे झुकली. मी दिशेचा दांडा धरून बसलो होतो, पण दिशा दाखवायला वेळच मिळेना. मासे बाजूला होऊन वाट देत होते. समोर एकदम पूल आला, पुलाखाली बंधारा, आणि नेमका त्या दिवशी बंधाऱ्याचा दरवाजा उघडा!

"आजी, पाय थांबवा!"

"आता थांबले तर पोरगी गेली हातची!"

गेलो! दरवाजातून, पुलाखालून, ओढ्यात. कोबीच्या वाफ्यांना घासत, गाजरं धुणाऱ्या बायकांच्या मधून. एकीने विचारलं, "एवढ्या घाईने कुठे हो?"

आजी म्हणाली, "काम ली धबधबा बघायला!"

तुएनने हातातला बान कान खाली ठेवला. "काका, राजहंस प्लास्टिकचा! ओढ्यात गुडघाभर पाणी!"

"त्या वर्षी गळ्याइतकं होतं."

"हंसाच्या?"

"ऐकायचंय की जाऊ?"

तर धबधब्याच्या तोंडाशी राजहंसाची मान दोन खडकांत अडकली. शेपूट हवेत, खाली धो धो पाणी, आणि आम्ही दोघं दोरीवरच्या धुण्यासारखे लटकलेले! तेवढ्यात वरच्या रस्त्याने घुंगरू वाजलं. सेनापती अगदी गरीब गायीसारखा, आणि गाडीतून उतरून हातात हात घालून धावत येणारी ती दोघं!

"आजी, हात द्या!" डांग ओरडला.

आणि मुओई आजी, त्या लटकलेल्या अवस्थेत, काय म्हणाली सांगू? "थांबा! एकत्र येऊ नका! हे प्रेक्षणीय स्थळ आहे!"

"मग काढू कसं तुम्हाला?"

"एकेकटे या!"

डांग एकटा आला, ओढलं, हंस हातभर खाली सरकला. लिएन एकटी आली, ओढलं, आणखी हातभर! मानेने कुर्र केलं. दोघांनी मिळून ओढल्याशिवाय आजी वर येत नव्हती, आणि दोघं मिळून आली तर आजी हात देत नव्हती. एकीकडे लग्न, दुसरीकडे धबधबा! लिएन रडकुंडीला आली.

अशा वेळी मंडळी, डोकं लागतं. मी शांतपणे घसा साफ केला. म्हटलं, "मुओई आजी, नीट ऐका. दालातला फिरायला येऊन जे परत जातात, त्यांचं तुटतं. बरोबर? हा पोरगा तर इथलाच. आणि लिएन आज परत जाणारच नाही! जी परत जात नाही, तिचं तुटेल कसं?"

आजी थबकली. पाणी थबकलं. आजीने दोन्ही हात वर केले, एक डांगला, एक लिएनला—

"पुरे हो!"

उलथणं शेगडीवर आदळलं. हुएन वळली होती. तिचं तोंड शेगडीपेक्षा लाल.

"काय झालं?" मी म्हटलं.

"तुम्हाला सख्खा, चुलत, मानलेला, कसलाही भाऊ नाही! मग पुतण्या कुठून उगवला? डांग म्हणे! सायकल तुमची, डुक्कर तुमचं, ती आजी माझी!"

तुएनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे काकू, होडी धबधब्यावर गेलीच नाही ना?"

"गेली नाही कशी? आजीच्या शेजारी मी होते की! आणि ते 'परत जाणारच नाही' हे वाक्य माझं आहे, तिथे लटकून बोंबलले मी ते! हे कुठे होते विचार की. काठावर! घोड्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होते!"