ढकला, बाबा, ढकला!

मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता आणि साडेदहाला निरोप आला, की नवरदेवाला आणायला ठरवलेली गाडी येणार नाही. तिचा ड्रायव्हर सकाळीच ती घेऊन दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला गेला होता.

मुलुंडच्या हॉलच्या दारात मुलीचे वडील मार्तंडराव फेटा सावरत उभे राहिले. एकतीस वर्षं बस चालवून, कुणाला ओरखडाही न काढता निवृत्त झालेला हा माणूस ऐन पोरीच्या लग्नात गाडीवाचून अडकला होता. नवरदेव जयवंत भांडुपला त्याच्या मामाकडे नटूनथटून वाट बघत बसला होता.

"बाबा, आपली गाडी आहे ना," थोरली मुलगी क्षमा म्हणाली. "हे जातील घेऊन."

'हे' म्हणजे तिचा नवरा विद्याधर. लहानपणीच्या पोलिओमुळे त्याचे दोन्ही पाय लुळे होते. कुबड्यांवर चालायचा आणि एका कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम करायचा. आठ महिन्यांपूर्वी त्यानं उघड्या टपाची एक जुनी लाल हेराल्ड गाडी विकत घेतली आणि वाकोल्याच्या गुणाजी मिस्त्रीकडून तिचे तिन्ही पेडल काढून सगळा कारभार हातांवर आणवला. स्टिअरिंगच्या उजवीकडे एक दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. क्लच गिअरच्या मुठीला, स्कूटरसारखा. आरटीओनं तपासून रीतसर शिक्का दिला. तेव्हापासून दर रविवारी तो आणि क्षमा आरे कॉलनीत भटकायला जात. जन्मभर "सावकाश हं" ऐकत आलेल्या विद्याधरला "अहो, जरा हळू!" हे शब्द पहिल्यांदा त्या गाडीत ऐकायला मिळाले, आणि ते ऐकायला तो मुद्दाम वेग वाढवायचा.

मार्तंडराव मात्र त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. "हातानं चालवायची ती हातगाडी," असं पहिल्याच दिवशी म्हणून मोकळे झाले होते. मग कधी कंबर धरायची, कधी ऊन लागायचं, एकदा तर अमावास्याही आडवी आली होती.

आज पर्याय नव्हता. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण चालवणार मी. भर लग्नात जावयाला ड्रायव्हर केला म्हणून लोक मला हसतील."

"बाबा, तिची सवय लागते हो," विद्याधर म्हणाला.

"जावईबापू, मी डबलडेकर चालवलीय."

मान जावयाचा असला तरी शेवटचा शब्द सासऱ्याचा असतो. कुबड्या मागे टाकून विद्याधर शेजारच्या सीटवर बसला. मार्तंडराव ऐटीत स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांचे पाय खाली काहीतरी शोधू लागले. उजवा पाय फिरला, डावा फिरला, मग दोघांनी मिळून शोधलं.

"अरे, ब्रेक खंय गेलो?" घाबरले की मार्तंडराव थेट मालवणीत जात.

"तो दांडा, बाबा. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग."

"कळलं, कळलं."

गाडी सुरू झाली. चार उड्या मारून ती हॉलच्या फाटकाबाहेर पडली, पाचव्या उडीला रस्त्याच्या मधोमध आली आणि तिथे इंजिन बंद पडलं. पुढे चौकापर्यंत सरळ उतार होता. गाडी हळूहळू घरंगळायला लागली.

लहानपणी गावाला बैलगाडी हाकलेल्या मार्तंडरावांनी थांबवण्यासाठी दांडा कासऱ्यासारखा छातीशी ओढला.

"ओढू नका! ढकला, बाबा, ढकला!" विद्याधर ओरडला.

फाटकात नवरदेवाची वाट बघत बँडवाले उभे होते. लाल गाडी, बंद इंजिन आणि 'ढकला' अशी हाक! मुंबईच्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं? क्लॅरिनेट, ट्रम्पेट सगळं कठड्यावर ठेवून चौघं धावले आणि त्यांनी डिकीला खांदे लावले.

"लगाव रे! जोर लगाव!"

इकडे मार्तंडरावांना दांडा एकदाचा उमगला होता आणि तो पुढे ढकलायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती. तेवढ्यात विद्याधर मागे वळून बँडवाल्यांवर ओरडला, "अहो, ढकलू नका! ढकलू नका!"

मार्तंडरावांनी चटकन दांडा सोडला.

"एकदा ढकला म्हणता, एकदा ढकलू नका म्हणता! काय ता एक सांगा!"

"तुम्ही ढकला! त्यांनी नको!"

"साहेब, आम्ही ढकलतोय ना! तुम्ही बसा आरामात!" मागून ढोलवाला ओरडला. ढोल काढायला वेळ न मिळाल्यानं तो पोटावरच्या ढोलानंच गाडी ढकलत होता.

चौकात ट्रॅफिक हवालदार हात आडवा करून उभा होता. गाडी येताना पाहून त्यानं शिट्टी वाजवली. मग तिचा वेग पाहून त्यानं आडवा हात खाली घेतला.

"रवळनाथा, सांभाळ रे महाराजा!" मार्तंडरावांनी डोळेच मिटले.

विद्याधरनं सासऱ्यांच्या मांडीवरून अंग झोकून दिलं आणि कुबड्यांनी घडवलेल्या दंडांचा सगळा जोर लावून दांडा पुढे रेटला. हवालदाराच्या बुटांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बँडवाले डिकीवर आदळले, ढोल एकदा 'धुम्म' वाजला आणि कुणीतरी विचारलं, "झाली का चालू?"

"लायसन्स," हवालदार म्हणाला.

मार्तंडरावांनी कोटाच्या आतून, देवाचा टाक काढावा तसं लायसन्स काढलं. "एकतीस वर्षं, एक डाग नाही."

हवालदारानं ते पाहिलं, गाडीची कागदपत्रं पाहिली, वाकून पेडलांची रिकामी जागाही पाहिली. "बाबा, तुमचे दोन्ही पाय ठीक आहेत?"

"एकदम ठणठणीत!"

"मग तुम्हाला ही चालवता येणार नाही. गाडी अपंगांसाठी बदललेली आहे. कोण चालवतं ही?"

"मी," विद्याधर म्हणाला.

"मग बसा ना तिथे! कशाला धडधाकट माणसाच्या हातात देता?"

बँडवाल्यांनी विद्याधरला उजव्या सीटवर बसवलं. मार्तंडराव निमूट डावीकडे आले. हवालदारानं चारी बाजूंची वाहनं अडवली आणि हेराल्ड लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

भांडुप येईपर्यंत मार्तंडराव शेजारून सगळं निरखत होते. जावयाचा उजवा हात दांड्यावर, डावा कधी चाकावर, कधी गिअरवर. कुठे धक्का नाही, कुठे कर्कश हॉर्न नाही. एका ट्रकला वळसा घालून गाडी सटकली तेव्हा त्यांच्या तोंडून "झकास!" निघून गेलं आणि ते लगेच खोकले. परत येताना मागच्या सीटवर जयवंत होता. त्याच्या मुंडावळ्या वाऱ्यावर कानामागे उडत होत्या, आणि मार्तंडराव उभ्या रस्त्याला सांगत होते, "आमचे जावई! थोरले!"

अकरा एकतीसला गाडी हॉलच्या दारात उभी राहिली. बँड सुरू झाला. क्षमा ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली.

"बाबा, उतरा ना! मुहूर्त जवळ आला."

मार्तंडराव उतरेनात. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग आवाज खाली आणून जावयाकडे झुकले. "अकरा मिनिटं आहेत. पाच रस्त्याच्या चौकापर्यंत एक फेरी होईल काय ओ?"

विद्याधरनं एकदा बायकोकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

"मी उतरू, की बसू?" मागून नवरदेवानं विचारलं.

"बसा!" दोघंही एकदम म्हणाले.